वेलांटी

पंधरा वर्षं मी बेळगावच्या कोर्टात
दुसऱ्यांची वाक्यं बोलतो.
मराठीची कानडी, कानडीची मराठी.
बांधाची भांडणं, खोटे अंगठे, म्हशींच्या चोऱ्या.
तोंड माझं, गोष्ट त्यांची, भत्ता दिवसाचा.

मग निपाणीची बाई आली.
नाव सांगणार नाही, कायदाच सांगू देत नाही.
कागदावर ती नुसती फिर्यादी,
तंबाखूच्या वखारीत मात्र
तिची पाटी अजून कुणी उचलत नाही.

ती म्हणाली, मी ओरडले.
मी म्हणालो, नानु कूगिदे.
आणि तिथंच अडखळलो:
कानडीत 'मी ओरडले' आणि 'मी ओरडलो' एकच.
म्हणजे मिशीला कलप लावणारा मी
भर कोर्टात ओरडलो होतो
आणि कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

ती म्हणाली, नको म्हटलं.
मी म्हणालो, बेड.
वकील उठला. किती वेळा? हळू की मोठ्यानं?
दाराकडं तोंड करून, की भिंतीकडं?
एकेक प्रश्न माझ्याच जिभेवरून गेला तिच्याकडं,
मीच विचारल्यासारखा.
ती उत्तर देताना वकिलाकडं नाही,
माझ्याकडं बघायची.

कानडीत नको म्हणजे बेड.
मराठीत त्याला एक वेलांटी दिली
की बेडी होते.
ती वेलांटी काढायला
सहा वर्षं लागली.

पहिल्या महिन्यात चौकात पाय ठेवायला जागा नव्हती.
फाशी द्या, फाशी द्या.
हिंडलग्याच्या तुरुंगाची भीती आम्हाला लहानपणापासूनच,
पाढे चुकले की मास्तर तिकडं बोट करायचे.
घाबरलो कोण? आम्ही, सतराचा पाढा न येणारे.
मुकादमही होता म्हणे त्या मोर्चात,
अटकेच्या आदल्या दिवशी,
दुसऱ्या रांगेत, मेणबत्ती घेऊन.

तारखेला मात्र एकटी गौराक्का.
एकेचाळीस तारखा, एकेचाळीस दिवसांची मजुरी.
तिनं दिवा बघितला होता, आणि दार आतून लावलेलं.
तेवढंच सांगायचं होतं. तेवढंच सांगितलं,
मालकानं कामावरून काढल्यावरही
एक शब्द इकडं नाही की तिकडं नाही.
जरब म्हणजे काय, कुणी विचारलं तर
मी तिची चप्पल दाखवीन,
अंगठा तुटलेली, पिन लावलेली.

निकाल लागला. दहा वर्षं सक्तमजुरी.
मी तिला मराठीत सांगितलं.
ती म्हणाली, ह्यातली सहा झाली काय त्याची?
म्हटलं, नाही, जामिनावरची धरत नाहीत.
"आणि माझी?"
ह्याची कानडी मी केली नाही.
साहेब उठून गेले होते.

खाली इराप्पाच्या टपरीवर दोन पोरं.
"दहाच?" एक जण म्हणाला.
दुसरा गप्प. चहावरची साय बोटानं काढत राहिला.
त्याला दहा कमी वाटली,
की पहिल्यांदाच मोजून बघत होता,
हे मला दोन्ही भाषांत कळलं नाही.

स्टँडवर निपाणीची गाडी लागलेली.
ती कंडक्टरशी भांडत होती,
फुकट तिकिटाच्या आधार कार्डावरून,
घडघडीत कानडीत.
मी बघतच राहिलो. बाई, मग मी कशाला लागत होतो?

"येतंय की कानडी.
वखारीत दुसरं काय बोलतोय आम्ही.
पण त्या रात्री ओरडले ते मराठीत.
तसंच लिहून घ्यायला पाहिजे होतं."

गाडी गेली.
वर, दुसऱ्या मजल्यावर, तिची फाईल बांधून ठेवली आहे.
दोनशे अकरा पानं.
सगळी कानडीत,
सगळी माझ्या शब्दांत.